मॅक, लिनक्स, क्रोमबुक : अँटिव्हायरस घ्यावा का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. तेव्हापासून घरातला जुना संगणक लिनक्सवर नेलेल्या, किंवा नवा घेताना मॅक वा क्रोमबुक निवडलेल्या वाचकांची पत्रे वाढली आहेत. त्यांतली बहुतेक पत्रे एकाच शंकेपाशी येऊन थांबतात : विंडोजवर होतात तितके हल्ले ज्यांच्यावर होत नाहीत, अशा संगणकांना अँटिव्हायरस लागतो का? त्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

मी वकिली करतो. नुकताच मॅकबुक एअर घेतला. दुकानदाराने सोबत अँटिव्हायरसचे वर्षभराचे पॅकेज घेण्याचा आग्रह धरला. माझे सहकारी म्हणतात, मॅकला व्हायरस लागतच नाही, उगाच पैसे घालवू नका. कोणाचे ऐकू?
— एक वाचक, सातारा

आपल्या सहकाऱ्यांचा समज जुना आहे आणि तो कधीच पूर्णपणे खरा नव्हता. घरगुती संगणकांमध्ये मोठ्या प्रमाणावर पसरलेला पहिला व्हायरस ॲपलच्याच संगणकावरचा होता. १९८२ मध्ये रिच स्क्रेंटा या अमेरिकेतल्या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाने ॲपल टू या संगणकासाठी ‘एल्क क्लोनर’ लिहिला आणि तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात राहिला. त्या काळी तिकडच्या घरांत आणि शाळांत ॲपल टू मुबलक होते, म्हणून व्हायरसही त्याच्यासाठी लिहिला गेला. पुढे विंडोजचे राज्य आले आणि व्हायरस लिहिणारेही तिकडे वळले. नंतरच्या काळात मॅक बराचसा सुरक्षित राहिला त्यात त्याच्या बांधणीचा वाटा होता, तसाच त्याच्या कमी संख्येचाही होता. आणि कमी संख्येमुळे मिळालेले संरक्षण संख्या वाढली की आपोआप ओसरते.

ते ओसरल्याचे २०१२ मध्ये स्पष्ट दिसले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘फ्लॅशबॅक’ नावाच्या घुसखोर कार्यक्रमाने जगभरातल्या सहा लाखांहून अधिक मॅकमध्ये शिरकाव केल्याचे उघड झाले. तो जावामधल्या एका त्रुटीतून आत येत होता आणि त्यासाठी वापरणाऱ्याने काहीही चूक करावी लागत नव्हती. बाधित पान ब्राउझरमध्ये उघडणे पुरेसे होते. या प्रकरणातली सर्वांत बोचणारी बाब अशी की जावा बनवणाऱ्या ओरॅकलने ती त्रुटी फेब्रुवारीतच दुरुस्त केली होती. मॅकसाठीचा जावा त्या काळी ॲपल स्वतः वितरित करत असे आणि ॲपलची दुरुस्ती एप्रिलमध्ये आली. मधल्या आठवड्यांत हे घडले. त्याच वर्षी ॲपलने आपल्या संकेतस्थळावरचे, मॅकला पीसीचे व्हायरस लागत नाहीत अशा अर्थाचे वाक्य काढून टाकले. २०२१ च्या मे महिन्यात तर ॲपलचे वरिष्ठ अधिकारी क्रेग फेडेरिगी यांनी एपिक गेम्सबरोबरच्या खटल्यात शपथेवर सांगितले की मॅकवरील घातक कार्यक्रमांचे सध्याचे प्रमाण कंपनीला स्वीकारार्ह वाटत नाही. आयफोनवर ॲप बसवण्यावरचे कडक निर्बंध योग्य कसे, हे पटवून देण्यासाठी ते बोलत होते हे खरे, पण कबुली ती कबुलीच.

आता दुकानदाराच्या आग्रहाविषयी. आपल्या मॅकमध्ये एक अँटिव्हायरस आधीपासूनच आहे, हे त्याने आपल्याला सांगितले नसावे. ‘एक्सप्रोटेक्ट’ २००९ पासून मॅकमध्ये असून ओळखीचे घातक कार्यक्रम चालू होण्याआधीच थांबवतो, आणि २०२२ पासून त्याचाच एक भाग आधीच आत शिरलेले कार्यक्रम शोधून काढून टाकतो. २०१२ मध्ये आलेला ‘गेटकीपर’ उतरवलेला कार्यक्रम कोणाच्या स्वाक्षरीचा आहे ते पाहतो. २०१९ पासून ॲप स्टोअरबाहेर दिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांनाही ॲपलकडून आधी तपासून घेण्याची अट लागू झाली. खुद्द कार्यप्रणालीच्या फाइलींना तर आपण स्वतः मुख्य पासवर्ड देऊनही हात लावू शकत नाही, अशी व्यवस्था २०१५ पासून आहे. हे सगळे विकत घेतलेल्या यंत्राबरोबर मिळते आणि पडद्यावर कसलीही खिडकी न उघडता चालते, म्हणून ते आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

या व्यवस्थेला मर्यादा आहेत. २०१६ च्या मार्चमध्ये ‘ट्रान्समिशन’ या लोकप्रिय आणि एरवी निर्धोक कार्यक्रमाच्या अधिकृत संकेतस्थळावरच कोणीतरी भेसळ केलेली आवृत्ती ठेवली. तिच्यावर एका वैध विकासकाची स्वाक्षरी होती, त्यामुळे गेटकीपरने ती आत सोडली. आतला ‘कीरेंजर’ तीन दिवस शांत बसे आणि नंतर फाइली कुलूपबंद करून एक बिटकॉइन खंडणी मागे. ॲपलने ते प्रमाणपत्र तातडीने रद्द केले, पण त्याआधी ज्यांनी ती आवृत्ती उतरवली त्यांचे नुकसान होण्याची वेळ आली. त्या दिवशी बाहेरचा अँटिव्हायरस असता तरी एखाद्यालाच उपयोग झाला असता, कारण त्यालाही हा कार्यक्रम तोवर अनोळखी होता. अशा प्रसंगी संगणकाला न जोडलेल्या डिस्कवरची प्रत उपयोगी पडते.

म्हणून माझे मत असे आहे की आपल्याला ते पॅकेज घेण्याची गरज नाही. त्याऐवजी सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ आणि त्याखाली ‘सॉफ्टवेअर अपडेट’ उघडून सर्व स्वयंचलित अपडेट चालू आहेत ना, हे एकदा पाहावे. विशेषतः सुरक्षेच्या आणि सिस्टिम फाइलींच्या अपडेटसमोरचे बटण बंद असता कामा नये, कारण एक्सप्रोटेक्टची नवी माहिती त्याच वाटेने येते. आपल्या व्यवसायाचा विचार करता एक गोष्ट मात्र जोडतो. पक्षकारांकडून आपल्याकडे वर्डच्या फाइली येत असणार, आणि १९९५ मधल्या ‘कॉन्सेप्ट’पासून वर्डच्या मॅक्रोमधले, म्हणजे फाइलीतच ठेवलेल्या छोट्या आज्ञावलीतले, व्हायरस विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालत आले आहेत. फाइल उघडताना मॅक्रो चालू करण्याची परवानगी मागितली गेली तर ती देऊ नये. कराराच्या मसुद्याला किंवा प्रतिज्ञापत्राला मॅक्रोची गरज नसते.

एक मोफत ॲप शोधताना मॅकवर ‘आपण रोबो नाही हे सिद्ध करा’ असे सांगणारे पान उघडले. त्यात टर्मिनल उघडून एक ओळ चिकटवायला सांगितली होती. संशय आला म्हणून मी पान बंद केले. ती ओळ चिकटवली असती तर काय झाले असते? मॅकने अडवले नसते का?
— एक वाचक, डोंबिवली

आपण पान बंद केले हे फार चांगले झाले, कारण मॅकने आपल्याला बहुधा अडवले नसते. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ब्राउझरमधून उतरवलेल्या प्रत्येक फाइलवर ‘ही बाहेरून आली आहे’ अशी एक अदृश्य खूण केली जाते आणि ती खूण पाहूनच गेटकीपर चौकशी सुरू करतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे मॅकला लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीत, चिकटवलेली ती ओळ ब्राउझरला वगळून थेट इंटरनेटवरून कार्यक्रम आणते. त्यावर ही खूण पडत नाही, म्हणून चौकशीही होत नाही. हल्लेखोरांना आपल्याकडून टर्मिनल उघडून घ्यायचे असते ते नेमके यासाठी.

पुढे काय घडते तेही सांगतो, म्हणजे ते ओळखता येईल. थोड्या वेळात पडद्यावर एक चौकट येते. तिच्यावर सेटिंग्जचे ओळखीचे चिन्ह असते आणि काम पुढे नेण्यासाठी मॅकचा पासवर्ड मागितलेला असतो. ही चौकट मॅकमधल्याच ॲपलस्क्रिप्टच्या सोयीने बनवलेली असल्यामुळे परकी वाटत नाही. पासवर्ड चुकीचा दिला तर ती पुन्हा विचारते, कारण दिलेला पासवर्ड खरा आहे की नाही हे तो कार्यक्रम पाठीमागे मॅककडूनच तपासून घेत असतो. आणि पुन्हा विचारले जाते म्हणूनच ती माणसाला अधिक खरी वाटते. बरोबर पासवर्ड मिळाला की की-चेन (मॅकची स्वतःची पासवर्डांची पेटी), ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज, क्रिप्टो चलनाची वॉलेट, डेस्कटॉपवरच्या आणि डॉक्युमेंट्समधल्या काही फाइली एकत्र बांधून बाहेर पाठवल्या जातात. काही मिनिटांचे काम असते. त्यातल्या कुकीजकडे लोकांचे दुर्लक्ष होते, पण आपण ज्या खात्यात आधीच प्रवेश केलेला आहे त्याचा तो परवाना असतो. तो चोराच्या हाती गेला की पुष्कळदा पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही मागितला जात नाही.

या जातीतला सर्वांत गाजलेला कार्यक्रम ‘ॲटॉमिक स्टीलर’ २०२३ मध्ये टेलिग्रामवर महिना एक हजार डॉलर भाड्याने दिला जात होता. मॅक वापरणारे थोडे असले तरी एवढे भाडे भरून त्यांच्यामागे लागणे परवडते, असा हिशोब कोणीतरी केला आहे आणि तो त्याला लाभतोही आहे. ‘आपल्याकडे कोण कशाला लक्ष देईल’ हा विचार आता सोडून द्यावा, असे मी कळकळीने सांगतो.

संकेतस्थळ कितीही ओळखीचे दिसो, माणूस असल्याचा पुरावा म्हणून कोणतेही खरे पान टर्मिनल उघडायला लावत नाही. पासवर्डची चौकट आली तर एवढेच पाहावे की आत्ता, या क्षणी, आपण स्वतः काही बसवायला घेतले आहे का. घेतले नसेल तर रद्द करावे. चौकट पुन्हा पुन्हा येत राहिली तर वाय-फाय बंद करून मॅक बंद करावा.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर भाच्याने लिनक्स मिंट बसवून दिले. ‘मावशी, आता व्हायरसची काळजी नाही’ असे तो म्हणतो. पण मी शिकवणीच्या प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर झेरॉक्सच्या दुकानात नेते आणि तिथून परत आणलेल्या पेनड्राइव्हमध्ये नेहमी भलत्याच फाइली दिसतात. मी काय करावे?
— निवृत्त शिक्षिका, चिपळूण

भाच्याने काम चांगले केले आहे, आणि आपली शंकाही रास्त आहे. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर दिवसभर कोणाकोणाचे पेनड्राइव्ह लागतात. तिथला व्हायरस आपल्या पेनड्राइव्हवरचे मूळ फोल्डर लपवतो आणि प्रत्येकाच्या नावाचा एक शॉर्टकट तयार करून ठेवतो. विंडोजवर त्या शॉर्टकटवर क्लिक केले की फोल्डर तर उघडतो, पण सोबत व्हायरसही चालू होतो. लिनक्सवर मात्र दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. विंडोजची ‘लपव’ ही खूण लिनक्स जुमानत नाही, म्हणून आपल्याला मूळ फोल्डर आणि त्याच नावाचे शॉर्टकट शेजारी शेजारी दिसतात. आपण ज्यांना भलत्या फाइली म्हणता त्या बहुधा ह्याच असाव्यात. शिवाय ते शॉर्टकट आणि त्यांच्यामागचा कार्यक्रम विंडोजसाठी लिहिलेला असल्यामुळे मिंटवर नुसता पडून राहतो. नावाच्या शेवटी ‘एलएनके’ किंवा ‘व्हीबीएस’ ही अक्षरे असलेल्या फाइली, त्या आपण केलेल्या नसतील तर, निवडून काढून टाकाव्यात.

आपला लॅपटॉप यात आजारी पडणार नाही, पण त्याच्यामार्फत लागण पुढे जाऊ शकते. तोच पेनड्राइव्ह आपण विद्यार्थ्याच्या घरी विंडोजच्या संगणकाला लावला तर त्याचे नुकसान होईल. म्हणून लिनक्सवर अँटिव्हायरस ठेवण्याचे जे एक खरोखर पटण्यासारखे कारण आहे ते आपल्याला लागू पडते. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ‘क्लॅमएव्ही’ मोफत मिळतो. तो सतत पहारा देत बसत नाही, सांगितले की तपासतो, आणि विंडोजचे व्हायरस ओळखणे हेच त्याचे मुख्य काम आहे. टपालाच्या अनेक सर्व्हरवर तो त्यासाठीच वापरला जातो. दुकानातून आल्यावर पेनड्राइव्ह त्याने एकदा तपासायची सवय भाच्याकडून शिकून घ्यावी. प्रश्नपत्रिका पीडीएफ करून दुकानदाराला ई-मेलने पाठवल्या तर पेनड्राइव्हचा प्रश्नच उरणार नाही.

आता ‘काळजी नाही’ या शब्दांविषयी, कारण भाचाही हे वाचेल अशी आशा आहे. लिनक्सचे खरे बळ असे की त्यातले बहुतेक कार्यक्रम एकाच ठिकाणाहून, म्हणजे त्या त्या वितरणाच्या (मिंट, उबुंटू अशा लिनक्सच्या प्रकाराच्या) भांडारातून येतात. पॅकेजांच्या यादीवर डिजिटल स्वाक्षरी असते आणि ती जुळली नाही तर संगणक हरकत घेतो. धोका भांडाराबाहेर पाऊल टाकले की सुरू होतो. खुद्द लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर २० फेब्रुवारी २०१६ रोजी घुसखोरी होऊन १७.३ सिनॅमन या आवृत्तीची डाउनलोडचे दुवे बदलण्यात आले होते आणि त्या दिवशी ती उतरवणाऱ्यांना चोरवाट ठेवलेली प्रत मिळाली. २०२५ च्या जुलैमध्ये आर्च लिनक्सच्या, वापरकर्त्यांनीच भर घातलेल्या भांडारात फायरफॉक्सच्या दुरुस्तीचे नाव धारण केलेली काही पॅकेजे सापडली, आणि ती बसवली की दुसऱ्याला आपला संगणक दुरून चालवता येत होता. ‘भांडार’ म्हटले की सगळी सारखी नसतात. मिंटचे आपले भांडार त्याचे चालक सांभाळतात. ज्यात कोणीही भर घालू शकतो, त्यातले काही घेताना ते कोणी लिहिले आहे हे पाहावेच लागते.

याहून गंभीर प्रसंग २०२४ च्या मार्चमधला. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या ‘एक्सझेड’ या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात, त्या प्रकल्पाचा दोन-अडीच वर्षे विश्वास संपादन केलेल्या सहभागी व्यक्तीने चोरवाट पेरली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरमध्ये प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवला आणि ती चोरवाट नेहमीच्या वापरातल्या स्थिर आवृत्त्यांत पोहोचण्याआधीच उघडी पडली. ती कोणत्याही अँटिव्हायरसने पकडली नव्हती. घरच्या संगणकाचे यातून संरक्षण कसे झाले? आपण घेत असलेली आवृत्ती सावकाश, पडताळून पुढे येते म्हणून. मिंटच्या कोपऱ्यात अपडेटची ढाल दिसते तिच्यावर खूण आली की त्याच आठवड्यात अपडेट घ्यावेत. अगदी नव्या कोऱ्या, चाचणीच्या आवृत्तीच्या मागे लागू नये.

आमच्या कार्यालयात बॉस लिनक्स आहे. ‘हे फारसे कोणी वापरत नाही, म्हणून यावर कोणी हल्ला करत नाही’ असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले गेले. ते बरोबर आहे का?
— एक सरकारी कर्मचारी, नागपूर

नाही, आणि आपल्या बाबतीत ते उलटे आहे. बॉस ही सी-डॅकने विकसित केलेली कार्यप्रणाली मुख्यतः सरकारी कार्यालयांत चालते, म्हणून ती वापरणारा कोण असेल हे हल्लेखोराला आधीच माहीत असते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सायबर सुरक्षा संशोधकांनी उघड केले की पाकिस्तानशी संबंधित मानली जाणारी ‘ट्रान्स्परंट ट्राइब’ ही टोळी नेमके बॉस लिनक्स डोळ्यांसमोर ठेवून भारतीय सरकारी कर्मचाऱ्यांना ई-मेल पाठवत होती. सोबतच्या झिप फाइलमध्ये बैठकीच्या पत्राची पीडीएफ असल्यासारखे दिसे. प्रत्यक्षात ती ‘डॉट डेस्कटॉप’ प्रकारची, म्हणजे लिनक्सवर कार्यक्रम सुरू करून देणारी फाइल होती. ती उघडली की मागच्या मागे हेरगिरीचा कार्यक्रम उतरवला जाई आणि समोर एक खरीखुरी दिसणारी पीडीएफ उघडे, म्हणजे कर्मचाऱ्याला काही घडले आहे याचा पत्ताच लागू नये.

थोड्यांच्या वापरातली यंत्रणा सरसकट पसरणाऱ्या व्हायरसपासून दूर राहते, पण नेम धरून केलेल्या हल्ल्यापासून तिचे थोडेपण तिला वाचवत नाही. आपल्यासारख्या कार्यालयात अँटिव्हायरस किंवा त्याहून व्यापक अशी देखरेखीची यंत्रणा असायला हवी आणि ती आपल्या माहिती-तंत्रज्ञान विभागाने बसवलेली व सांभाळलेली असावी. कर्मचाऱ्याने स्वतः इंटरनेटवरून उतरवलेली नव्हे. बैठकीचे पत्र झिपमधून आले तर पाठवणाऱ्या कार्यालयाला फोन करून विचारावे. हे विचारण्यात कमीपणा नाही, आणि वरिष्ठांनी ते विचारणाऱ्याचे कौतुक केले पाहिजे.

मुलीला अभ्यासासाठी क्रोमबुक घेतले आहे. त्यात अँटिव्हायरस टाकावा का?
— एक पालक, मडगाव

टाकू नये. क्रोमबुक चालू होताना प्रत्येक वेळी आपली कार्यप्रणाली जशीच्या तशी आहे का हे तपासते आणि बदल आढळला तर राखून ठेवलेल्या चांगल्या प्रतीकडे वळते. प्ले स्टोअरवरून बसवलेला अँटिव्हायरस तिथे स्वतःच्या कप्प्याबाहेर फारसे पाहूच शकत नाही. लक्ष ठेवायचे ते ब्राउझरच्या एक्स्टेंशनवर, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या कार्यक्रमांवर. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ‘सायबरहेवन’ या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला फसवून तिच्या एक्स्टेंशनची घातक आवृत्ती अधिकृत क्रोम वेब स्टोअरमधूनच वितरित केली गेली होती. मुलीच्या क्रोमबुकमध्ये अभ्यासाला लागतात तेवढीच एक्स्टेंशन ठेवावीत. यंत्र जुने विकत घेतले असेल तर त्या मॉडेलला अपडेट कधीपर्यंत मिळणार ते सेटिंग्जमध्ये पाहून घ्यावे. २०२१ पासूनच्या मॉडेलना गूगलने दहा वर्षांचे अपडेट जाहीर केले आहेत.

माझ्याकडे २०१५ चा मॅकबुक एअर आहे. तो उत्तम चालतो, पण आता अपडेट येत नाहीत. अँटिव्हायरस घेतला तर भागेल का?
— एक वाचक, नाशिक

भागणार नाही. त्या एअरला माँटेरी ही शेवटची आवृत्ती मिळाली आणि माँटेरीचे शेवटचे सुरक्षा अपडेट २०२४ च्या जुलैमध्ये आले. त्यानंतर सापडलेल्या त्रुटी त्यात तशाच उघड्या आहेत. अँटिव्हायरस ओळखीचा कार्यक्रम पकडू शकतो, पण कार्यप्रणालीतले छिद्र बुजवू शकत नाही. एवढे चांगले यंत्र टाकून द्यावे असे मी म्हणणार नाही. त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू छान चालते, आणि त्यांच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षे अपडेट मिळतात.

दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. या एअरमधल्या वाय-फायच्या चिपसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो, म्हणून बसवताना फोन यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे आणि नंतर ड्रायव्हर मॅनेजरमधून तो ड्रायव्हर घ्यावा. कॅमेराही आपोआप चालत नाही. त्याचा ड्रायव्हर बाहेरून मिळवून बसवावा लागतो, तेव्हा व्हिडिओ कॉल नेहमीचे असतील तर हे जाणकाराकडून करून घ्यावे. मॅकच ठेवायचा असेल तर बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. नव्या यंत्रासाठी साठवत असाल तर अँटिव्हायरसचे पैसे त्यातच घालावेत.

गरज नसली तरी एखादा मोफत अँटिव्हायरस बसवून ठेवायला काय हरकत आहे? तोटा तर काही नाही ना?
— एक वाचक, पुणे

तोटा होऊ शकतो, आणि या प्रश्नावर लोक पुरेसा विचार करत नाहीत याचे मला वाईट वाटते. प्रत्येक फाइल पाहण्यासाठी अँटिव्हायरसला संगणकातले सर्वोच्च अधिकार द्यावे लागतात. त्याच्यात बिघाड झाला तर तो सर्वोच्च अधिकारांनिशी होतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा कार्यक्रमाचे एक सदोष अपडेट गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो मोठ्या संस्थांसाठीचा कार्यक्रम होता, पण अधिकारांचे तत्त्व घरच्या संगणकालाही तेच लागू होते.

मोफत म्हणजे कशाच्या बदल्यात, हेही पाहावे. अवास्ट या नावाजलेल्या कंपनीचा अँटिव्हायरस कोट्यवधी लोक मोफत वापरत, आणि त्यांनी कोणती पाने पाहिली याची माहिती तिची ‘जम्पशॉट’ ही उपकंपनी विकत असे. २०२० मध्ये ते उघड झाल्यावर जम्पशॉट बंद करण्यात आली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. मॅकच्या बाबतीत तर अँटिव्हायरसचे सोंग घेणे ही चोरांची जुनी रीत आहे. २०११ मध्ये ‘मॅक डिफेंडर’ पडद्यावर खोटी तपासणी दाखवून ‘आपल्या मॅकमध्ये व्हायरस सापडले’ असे सांगत असे आणि ते काढण्यासाठी क्रेडिट कार्ड मागत असे. मॅकला व्हायरस नसतोच असे मानणाऱ्यांना त्याने घाबरवले ते याच बळावर.

ज्यांना अँटिव्हायरस हवाच आहे, म्हणजे घरात एकच मॅक सर्वजण वापरतात, मुले कुठून काय उतरवतात ते कळत नाही, किंवा ज्यांच्याकडे ग्राहकांच्या फाइलींची सतत ये-जा असते, त्यांनी तो ओळखीच्या कंपनीचा घ्यावा आणि तिच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. आपल्याच शहरातल्या क्विक हीलसारख्या कंपन्या मॅकसाठीही अँटिव्हायरस बनवतात. शोधयंत्राच्या पहिल्या, जाहिरातीच्या दुव्यावरून तो उतरवू नये. एका संगणकावर दोन अँटिव्हायरस ठेवू नयेत.

मी फसलो आहे. मॅकवर एका चौकटीत पासवर्ड दिला आणि नंतर शंका आली. आता अँटिव्हायरस टाकून तपासणी केली तर पुरे होईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

तपासणी नंतर करा. आधी वाय-फाय बंद करा. चोरी झाली असेल तर ती काही मिनिटांत उरकलेली असते आणि तपासणीने गेलेली माहिती परत येत नाही. म्हणून पुढची सगळी कामे त्या मॅकवरून न करता घरातल्या दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून करावीत. प्रथम ई-मेलचा पासवर्ड बदलावा, कारण बाकी सगळी खाती त्याच्याच आधाराने परत मिळवता येतात. पासवर्ड बदलताना ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय आवर्जून निवडावा. तो निवडला नाही तर चोरलेल्या कुकीज चालू राहतात. त्यानंतर बँक, ॲपल खाते आणि ब्राउझरमध्ये साठवलेले बाकीचे पासवर्ड याच क्रमाने बदलावेत. क्रिप्टो चलन असेल तर ते नव्या वॉलेटमध्ये हलवावे.

पैसे गेल्याचे दिसले तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर फोन करून बँकेलाही कळवावे. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते. मॅकचे म्हणाल तर अशा प्रसंगी मी तपासणीवर विसंबणार नाही. लागणाऱ्या कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, तीत कार्यक्रम नसावेत, आणि मॅक पूर्ण पुसून कार्यप्रणाली नव्याने बसवावी. नवा मुख्य पासवर्ड ठेवावा आणि तो पूर्वीच्या कोणत्याही पासवर्डशी मिळताजुळता नसावा.